चौऱ्याऐंशी मिलिमीटर

३ फेब्रुवारी, मंगळवार

शिल्पबागेत पोचलो, अकरा वाजून दहा मिनिटांनी. पत्रात अकरा लिहिलं होतं. मधली दहा मिनिटं फाटकावरच्या पहारेकऱ्याने माझं नाव कामगारांच्या यादीत शोधण्यात घालवली. मी म्हटलं, कलाकारांच्या यादीत बघा. त्याने आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग यादीकडे.

बागेने प्रत्येकाला एक जाड वही दिली आहे. तिच्यात रोजची ‘प्रक्रिया’ लिहायची आणि जाताना जमा करायची. ती वही लोकांसाठी. ही माझी, हिच्यात खरं लिहीन.

मी जिन्यांचा माणूस. सत्तावीस वर्षं दगडी जिने बसवले. कुठल्या कलाशाळेची पायरी चढलो नाही. त्यांच्या दोन-तीन पायऱ्या बसवल्या मात्र आहेत. सात वर्षांपासून शेडमध्ये शिल्पं करतो. चारशे अकरा अर्जांतून चार कलाकार निवडले, त्यांत मी. आठ आठवडे इथे राहायचं, एक शिल्प करायचं. शेवटच्या दिवशी समिती येईल आणि चौघांतलं एक शिल्प चौथरा क्रमांक सतरावर कायमचं बसेल. कायमचं. हा शब्द मी पत्रात चार वेळा वाचला.

निघताना सौ. म्हणाली, “आधी मागच्या दाराच्या पायऱ्या करा, मग काय कला करायची ती करा.” मागचं दार जमिनीपासून बासष्ट सेंटिमीटर उंच आहे, आणि जुन्या पायऱ्या काढून टाकल्यापासून ती तीन वर्षं एका उपड्या खोक्यावरून उतरते. मी म्हटलं, आल्यावर बघू. गाडी आली होती.

प्रत्येक कलाकाराच्या जोडीला एक अभ्यासक दिला आहे. आमच्या बंगलीचा डावा अर्धा भाग माझा, उजवा अभ्यासकबाईंचा, मधे स्वयंपाकघर सामाईक. बाई पस्तिशीच्या असतील. माझ्या कामावर त्यांनी एक लेख लिहायचा आहे. आल्या आल्या म्हणाल्या, “काका, चहा घेणार?” इथे सगळे एकमेकांना ‘सर’ म्हणतात. मी चहा घेतला.

खोलीचं दार खाली उजव्या कोपऱ्यात घासतं. वरची बिजागरी चार मिलिमीटर सुटली आहे. कसून टाकली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज बाग दाखवली. संचालिकाबाई पुढे, आम्ही आठजण मागे. कलाकारांत एकाने अजून सामानच आणलेलं नाही. तो पोकळीवर काम करतो म्हणे. मी विचारलं, पोकळी कशात करता? दगडात, लाकडात? तो म्हणाला, “कशातच नाही.” मी त्याचं नाव पोकळीवाला ठेवलं आहे.

बागेचा मानबिंदू म्हणजे थोरल्या शिल्पकारांची बाई. थोरल्यांनी ही बाग वसवली आणि मग वारले. दोन मीटर चाळीस उंचीची दगडी बाई, पाठीशी सरळ घडलेली पट्टी, पायाखाली नव्वद सेंटिमीटरची चौकोनी बैठक. काम अव्वल. छिन्नीची एकेक रेघ बघत राहावी अशी. खाली पाटी: ‘उभी’.

पण ती उभी नाही. पश्चिमेकडे कललेली आहे. मी पन्नास पावलांवरून ओळखलं.

संचालिकाबाई म्हणाल्या, या झुकण्यातच सगळं आहे. मग त्यांनी अभ्यासकबाईंना बोलायला सांगितलं, कारण याच झुकावावर त्या नऊ वर्षं संशोधन करताहेत. पुस्तक जवळपास पुरं झालं आहे. बाई बोलायला लागल्या तशा बदलूनच गेल्या, आवाज भरून आला. नाव ‘उभी’ आणि मूर्ती पडू घातलेली, या विसंगतीत थोरल्यांनी माणसाची आख्खी अवस्था पकडली आहे, असं त्यांचं म्हणणं. उभं राहणं म्हणजे पडणं लांबवत राहणं. लोकांनी टिपून घेतलं. पोकळीवाल्याने डोळे मिटले.

मी बैठकीची पश्चिमेकडची कड बघत होतो. ती गवतात गेली होती.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ओळंबा घेऊन गेलो. पाठीच्या पट्टीवर वरून दोरी सोडली, दोरी स्थिर व्हायला सहा मिनिटं लागली, वारा होता. वर आणि खाली फरक चौऱ्याऐंशी मिलिमीटर. म्हणजे मीटरला पस्तीस. तीनदा मोजलं.

जिन्यात मीटरला तीन मिलिमीटर चुकले तरी मी दगड काढून परत बसवतो. चांगला जिना कोणता? ज्यावरून उतरताना माणूस पायांकडे बघत नाही तो. ही माझी एवढीच विद्या.

दिवसभर कामात मन लागलं नाही. इथे मला दिलेल्या शेडच्या खिडकीतून ती दिसते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बागेचे माळीबुवा एकतीस वर्षं इथे आहेत. मला मिस्त्री म्हणतात. दोनदा सांगितलं की मी शिल्पकार आहे. ते “बरं बरं” म्हणतात आणि परत मिस्त्री.

आज त्यांना झुकावाबद्दल विचारलं. ते पाइप लावत होते, मान वर न करता म्हणाले, “पाण्याची लाइन टाकली ना, तेव्हापासून.” अकरा वर्षांपूर्वी बैठकीला लागून पश्चिमेला चर खणला, पाइप टाकला, माती सैल भरली. दोन वर्षांत बाई कलली. तेव्हा थोरले हयात नव्हते. माळीबुवांनी त्या वेळच्या कचेरीला सांगितलं होतं. कचेरीने लिहून द्या म्हटलं. माळीबुवांना लिहिण्याचा कंटाळा.

अवजारांच्या खोलीत त्यांनी एक जुना फोटो दाखवला. थोरले मधे, भोवती कामगार, मागे ती. मी फोटोवर गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावला. सरळ. सुतासारखी सरळ.

मी विचारलं, हा फोटो अभ्यासकबाईंनी बघितला नाही का? ते म्हणाले, “त्या इकडे कशाला येतील? इथे फावडी असतात.”

११ फेब्रुवारी, बुधवार

मीही लिहायचा कंटाळा केला तर झालंच. एका पानावर रीतसर निवेदन लिहिलं. जसंच्या तसं उतरवून ठेवतो:

“सदर बाई पश्चिमेकडे चौऱ्याऐंशी मिलिमीटर कलली आहे. कारण, तिच्या पायाखालची माती दुसऱ्यांनी आपल्या सोयीसाठी काढली. तिला सरळ करणे आवश्यक आहे. बैठक साडेएकतीस मिलिमीटर उचलावी लागेल. लागणारे साहित्य: जॅक दोन, पाचरी अकरा, खडी सहा पाट्या, माळी एक. वेळ: सहा तास. बाईला इजा होणार नाही.”

खाली सही, तारीख.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

संचालिकाबाईंनी बोलावून घेतलं. निवेदन त्यांच्या टेबलावर होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, माझंच मला. “तिच्या पायाखालची माती दुसऱ्यांनी आपल्या सोयीसाठी काढली” या ओळीशी त्या थांबल्या, चष्मा काढला. म्हणाल्या की जिन्यांच्या धंद्यातल्या माणसाकडून त्यांना इतकी अपेक्षा नव्हती. मी म्हटलं, साधी गोष्ट आहे. त्या म्हणाल्या, “तीच तर ताकद आहे. जरूर करा.” आणि खाली ‘मंजूर’ लिहून सही केली. एक प्रत त्यांनी ठेवून घेतली, प्रदर्शनाच्या दालनात लावायची म्हणून. कामाचा तपशील दालनात लावण्याची पद्धत मला आवडली. पारदर्शक कारभार.

मंजुरीचा कागद घडी करून खिशात ठेवला आहे. कागदाशिवाय मी दगडाला हात लावत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सोमवारी बाग बंद असते. अभ्यासकबाई ग्रंथालयात शहरात गेल्या होत्या. सकाळी सात वाजता मी आणि माळीबुवांनी काम सुरू केलं. त्यांनी ट्रॅक्टरच्या शेडमधून दोन जॅक आणले. बाईला गोधडीत गुंडाळलं, वर दोर बांधून दोन झाडांना ताण दिला. पश्चिमेची माती अर्धा मीटर खाली काढली, खडी भरली, ठोकली, पुन्हा भरली, पुन्हा ठोकली. मग जॅक. एका वेळी दोन मिलिमीटर, मग पाचर, मग दम. माळीबुवा दर वेळी म्हणायचे, “ऊठ बाई.”

एक वाजून वीस मिनिटांनी गोधडी काढली.

काय सांगू? दगड तोच. पण तिची मान वर आली. इतके दिवस ती जमिनीत काहीतरी हरवल्यासारखी बघत होती. आता समोर बघते. माळीबुवा तंबाखू मळायचे थांबले. म्हणाले, “अशीच होती.”

वर दीड मिलिमीटर राहिला. एक पाचर ओली होती, दबली. मला ते दिसतं. गवताचे तुकडे परत लावून पाणी मारलं. तीन दिवसांत कळणारही नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मला वाटलं होतं आज बागेत गर्दी होईल. अभिनंदनाला काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं होतं. ‘मी माझं काम केलं’ एवढंच.

कोणाच्याही लक्षात आलं नाही.

दहा वाजता संचालिकाबाई पाहुण्यांना घेऊन गेल्या. मी झाडामागून ऐकलं. “बघा, आता पडेल असं वाटतं की नाही?” पाहुणे म्हणाले, हो, छातीत धडधडतं. एकाने फोटो काढताना कॅमेरा वाकडा धरला.

अभ्यासकबाई रोज सकाळी अर्धा तास तिच्यासमोर बसतात. आज दीड तास बसल्या. परत येऊन चहा ठेवला, त्यात पत्तीच टाकली नाही, नुसतं गरम पाणी कपांत ओतून मला दिलं. विद्वान माणसांना चहा जमत नाही. मग विचारलं, “काका, काल बागेत कोणी होतं का?” मी म्हटलं, सोमवारी बाग बंद असते. त्या म्हणाल्या, “हो. बंद असते.”

मी खोटं बोललो नाही. बाग बंदच असते.

२१ फेब्रुवारी, शनिवार

माझं शिल्प आकाराला येतंय. नाव ‘चढण’. चार दगडी पायऱ्या, कुठेच न जाणाऱ्या. प्रत्येकीची उंची एकशेपंचावन्न मिलिमीटर, रुंदी नव्वद सेंटिमीटर. आकडे का आले सांगता येत नाही, हाताला बरोबर वाटले. वरचा पृष्ठभाग इतका सपाट की गोटी ठेवली तर जागची हलत नाही.

अभ्यासकबाईंनी आज पहिल्यांदा नीट बघितलं. गुडघ्यावर बसून कडांवरून हात फिरवला. म्हणाल्या, “या कुठल्या तरी घराच्या वाटतात.” मी समजावलं की या कुठल्याच घराच्या नाहीत, त्यातच अर्थ आहे. इतकं अमूर्त त्यांना पचलं नाही.

माळीबुवांचं वेगळंच. म्हणाले, “मिस्त्री, पुढे उतार नाही ठेवला? पाणी साचेल.” त्यांना सांगितलं की ही पायरी नाही, शिल्प आहे.

चौथरा क्रमांक सतराही बघून घेतला. वरची फरशी हलत होती, एका कोपऱ्यात सात मिलिमीटर खाली. काढून नव्याने बसवली. माझं शिल्प वाकड्या चौथऱ्यावर बसणार नाही.

१ मार्च, रविवार

अभ्यासकबाईंचे डोळे लाल असतात. दगडाची धूळ. मी शेडच्या दाराला ओलं पोतं लावलं.

आज त्यांनी माझ्याकडे ओळंबा मागितला. कसा धरायचा, दोरी कुठे सोडायची, स्थिर कधी झाली समजायचं, सगळं विचारून घेतलं. दोरी हलत होती, म्हणून मी कोपर भिंतीला टेकवायला शिकवलं. मग म्हणाल्या, “काका, कललेला दगड आपोआप सरळ होतो कधी?” मी म्हटलं, कधीच नाही. जमीन बसते, उठत नाही. त्यांनी मान हलवली आणि माझ्या नखांकडे बघितलं. नखांत चुना होता. हात धुतले.

कोणाला तरी पायाच्या कामात रस वाटतोय याचं समाधान वाटलं.

५ मार्च, गुरुवार

सामाईक भिंत पातळ आहे. बाई फोनवर आईशी बोलत होत्या. मुद्दाम ऐकलं नाही, भिंतच तशी. पुस्तक एप्रिलअखेर छापायला गेलं नाही तर त्यांची कॉलेजातली जागा जाते. दोनदा मुदत वाढवून झाली आहे. आई काय म्हणाली माहीत नाही, बाई म्हणाल्या, “नाही गं, लिहून झालंय सगळं. तेच तर.” मग बराच वेळ नुसती “हं” करत होत्या.

मी विचार केला. पुस्तकात लिहिलंय की दगडी बाई कललेली आहे. बाई कललेली नाही. कधी ना कधी कोणी तरी मोजणार. मी सांगितलं तर पुस्तक जातं, आणि सतराव्या चौथऱ्याचं जे व्हायचं ते होतं. नाही सांगितलं तर अभ्यासकबाई माझ्यासमोर बसून रोज त्या चौऱ्याऐंशी मिलिमीटरांवर तळटीपा लिहिणार.

चूक माझी नाही, पाइपची आहे. हे मी आज सहा-सात वेळा स्वतःला सांगितलं.

९ मार्च, सोमवार

बाग बंद. जॅक घेऊन गेलो. परत होती तशी करून टाकावी म्हणून. एकतीस मिलिमीटर उतरवायचे, दोन तासांचं काम. पहिली पाचर काढली, हातात धरली. आणि हात चाललाच नाही. बसवायला शिकलोय मी, पाडायला नाही. अर्धा तास तसाच उकिडवा बसलो, मग पाचर होती तिथे ठोकली.

माळीबुवा लांबून बघत होते. जवळ येऊन म्हणाले, “मिस्त्री, पाडापाडी जमत नाही, तुम्ही काही नेता होणार नाही.” आणि पाइप ओढत निघून गेले.

सौ.ला फोन केला. तिला काहीच सांगितलं नाही, ती पायऱ्यांबद्दलच बोलली. खोक्याची एक फळी मोडली आहे. म्हटलं, जपून उतर. ती म्हणाली, “जपूनच उतरते. तीन वर्षं खाली बघूनच उतरते.”

१९ मार्च, गुरुवार

बाईंनी माझ्यावरचा लेख दिला. सहा पानं. वाटलं होतं ‘स्वयंभू प्रतिभा’ वगैरे काही असेल. तसं काही नाही. लिहिलंय की हा माणूस दगडाला खोटं बोलू देत नाही. आणि शेवटी: “त्याच्या पायऱ्या कुठे जातात हे त्यालाच माहीत नाही, पण आकडे माहितगार आहेत.” याचा अर्थ विचारणार होतो. बाईंच्या खोलीचं दार बंद होतं. आत कागद फाडल्याचा आवाज येत होता, एका लयीत, बराच वेळ.

२८ मार्च, शनिवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

दहा वाजता समिती आली. पाचजण. अध्यक्ष वयस्कर, काठी टेकत. आधी चौघांची शिल्पं बघितली. ‘चढण’पाशी अध्यक्ष चक्क थांबले आणि पहिल्या पायरीवर चढले. खाली न बघता उतरले. संचालिकाबाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. सतरावा चौथरा माझा झाला होता. मला कळतं.

पोकळीवाल्याने काहीच केलेलं नव्हतं. तो नुसता सतराव्या चौथऱ्याशेजारी उभा राहिला. त्याच्या कामाचं नाव ‘अभाव’. समितीने त्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

निकालाआधी अभ्यासकबाईंचं व्याख्यान होतं, ‘उभी’च्या समोर. खुर्च्या मांडल्या होत्या. बाईंच्या हातात कागद नव्हते. पिशवीतून त्यांनी माझा ओळंबा काढला. स्टुलावर चढल्या, पाठीच्या पट्टीवरून दोरी सोडली, कोपर दगडाला टेकवलं. मी शिकवलं तसंच. आणि थांबल्या. कोणाला कळेना काय चाललंय. वारा पडेपर्यंत त्या थांबल्या.

मग म्हणाल्या, “नऊ वर्षं मी लिहीत आले की ही झुकली आहे. ती खरंच झुकली होती. अकरा वर्षांपूर्वीच्या एका पाइपमुळे. माळीबुवांकडे फोटो आहे, मी या महिन्यात पहिल्यांदा बघितला. फेब्रुवारीत कोणी तरी तिला सरळ केलं. कोणी ते मला माहीत नाही.” हे म्हणताना त्यांनी कोणाकडेच बघितलं नाही. “मला दुसऱ्याच दिवशी दिसलं. चाळीस दिवस मी गप्प बसले. थोरल्यांनी तिचं नाव ‘उभी’ ठेवलं, कारण ती उभी होती. एवढंच होतं ते. आज ती पूर्ण सरळ आहे.”

माझी मान खालीच होती. मला गप्प बसायचं होतं, हे इथे लिहून ठेवतो. बाईंनी दार उघडं ठेवलं होतं, मी फक्त आत बसून राहायचं होतं. अर्ध्या तासाने निकाल होता.

पण पूर्ण सरळ?

मी उभा राहिलो. म्हटलं, “पूर्ण नाही. वर दीड मिलिमीटर बाकी आहे. एक पाचर ओली होती.”

अध्यक्षांनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत. मी खिशातून मंजुरीचा कागद काढला. तो हातोहात पुढे गेला आणि संचालिकाबाईंपाशी पोचला. त्यांनी स्वतःची सही बघितली. चेहरा चुन्यासारखा पांढरा. म्हणाल्या, “मला वाटलं, ही कविता आहे.”

मी म्हटलं, कवितेत जॅक कशाला असतील?

“मला वाटलं, ते पुरुषी बळाचं प्रतीक आहे.”

माळीबुवा मागे जोरात खोकले.

२९ मार्च, रविवार

निकाल: चौथरा क्रमांक सतरा ‘अभाव’ला. चौथरा रिकामाच राहणार, कायमचा. पाटी फक्त लागणार. संध्याकाळपर्यंत बघणाऱ्यांची रांग लागली. सगळे म्हणत होते, काही नसूनही किती शांत वाटतं. वाटणारच. लेव्हलमध्ये आहे.

समितीचा दुसरा ठराव संचालिकाबाईंनी मला वाचून दाखवला. झुकाव हा आता बागेचा वारसा आहे. दोन पिढ्यांनी तो बघितला, पोस्टकार्डांवर छापला गेला. तेव्हा मूर्ती पूर्ववत चौऱ्याऐंशी मिलिमीटर कललेली असावी. आणि अचूक तेवढी कलवू शकेल असा एकच माणूस त्यांच्या माहितीत आहे. त्यासाठी मुक्काम वाढवून देऊ म्हणाल्या. आणि आज पहिल्यांदा मला ‘सर’ म्हणाल्या.

मी म्हटलं, आयुष्यात एकही दगड वाकडा बसवला नाही. आता पन्नाशीनंतर शिकणार नाही.

सामान बांधत होतो तेव्हा अभ्यासकबाई ओळंबा परत द्यायला आल्या. ठेवा, म्हटलं. त्या म्हणाल्या, “काका, गप्प बसला असतात तर चौथरा तुमचा होता. मी तुमचं नाव घेतलं नव्हतं.” मी म्हटलं, तुम्ही आकडा चुकीचा सांगितलात. त्यावर त्या हसायला लागल्या. इतक्या, की दाराला धरून खाली बसल्या. महिनाभरात पहिल्यांदा हसल्या असतील. हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही. पण दार घासलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

पुस्तकाचं काय, असं विचारायचं राहिलं. खरं म्हणजे विचारायचं धाडस झालं नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

घरी. आल्यापासून कोणी फार विचारत नाही. भावाने “काय झालं रे?” म्हणून विचारलं, मी म्हटलं, निवड नाही झाली. तो हसेल वाटलं होतं. त्याने नुसता खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा हसला असता तर बरं होतं.

बागेचं पत्र आलं, पुन्हा विनंती. दरम्यान मूर्तीच्या ‘सरळपणाच्या कालखंडा’वर संशोधन करायला एक नवा अभ्यासक नेमला आहे. मी नकाराचं उत्तर पाठवलं. साधं, एका ओळीचं. आता ते त्याला काय समजतील कोण जाणे.

अभ्यासकबाईंचंही पत्र आहे. कॉलेजने शेवटची सहा महिन्यांची मुदत दिली, प्राचार्यांशी भांडून मिळवली म्हणे. नऊ वर्षांचं बाजूला ठेवून पहिल्यापासून लिहायला घेतलं आहे. पहिल्या प्रकरणाचं नाव ‘पाइप’. माळीबुवांच्या चार मुलाखती घेतल्या. ते म्हणतात, लिहून तुम्ही घ्या. पत्राच्या सुरुवातीला ‘आदरणीय सर’ असं लिहिलं आहे. वाचताना दुसऱ्याच कोणाचं पत्र उघडल्यासारखं वाटलं.

१८ एप्रिल, शनिवार

बागेच्या ट्रकने ‘चढण’ परत पाठवली. ड्रायव्हरने विचारलं, कुठे ठेवू? शेडमध्ये जागा नव्हती. सौ. मागच्या दारात उभी होती, हातात कपड्यांची बादली. ती म्हणाली, “इथेच ठेवा. अहो, जरा माप बघा की.”

माप काय बघायचं? चार गुणिले एकशेपंचावन्न. मी तिथेच उभा राहून मनात केलं, मग परत केलं. दाराची रुंदीही नव्वद. सत्तावीस वर्षांची सवय असते हाताला, दुसरं काही नाही.

२० एप्रिल, सोमवार

दोन दिवस लागले. खाली खडी ठोकली, पाइप कुठून जातो ते आधी बघून घेतलं. वरची पायरी उंबऱ्याला बरोबर लागली, फट नाही. पण बाहेरच्या पायरीवर पाणी थांबून चालत नाही. शेवाळ धरतं, पाय घसरतो. म्हणून प्रत्येक दगडाच्या मागच्या बाजूला पातळ पाचर देऊन पुढे तीन मिलिमीटर उतार दिला. ओळंब्याच्या हिशेबाने आता चारही वाकड्या आहेत. माळीबुवा असते तर बोलले असते काहीतरी.

चारच्या सुमाराला सौ. धुणं घेऊन बाहेर आली. माझ्याशी बोलतच होती, भावाच्या मुलीच्या शाळेबद्दल काहीतरी. बोलत बोलत चारही पायऱ्या उतरली, दोरीवर कपडे टाकले, परत चढली, पुन्हा उतरली. पायऱ्यांबद्दल एक अक्षर बोलली नाही.

पायांकडे एकदाही बघितलं नाही.